भूमिगत बुटक्यांच्या राज्यातील यादवी : कादंबरीसाठी मार्गदर्शन हवे आहे

पैलथडी, फोंडा

मी मराठीतून एक अद्भुतकादंबरी लिहीत असून तिची कथा जवळजवळ पूर्णपणे जमिनीखाली घडते. एका डोंगराच्या पोटात बुटक्यांचे ‘तळकोट’ नावाचे जुने राज्य आहे आणि त्याचे सात वाडे एकाखाली एक असे खोदलेले आहेत. सर्वांत वरच्या उजेडवाड्यात व्यापारी आणि कोठारांचे मालक राहतात, कारण बाहेरच्या माणसांशी धान्य, तेल आणि लाकूड यांची जी देवघेव चालते ती याच वाड्याच्या महाद्वारातून होते. सर्वांत खालच्या धगवाड्यात खाणकरी आणि लोहार राहतात. राजाला मुलगा नाही. त्याच्या मृत्यूनंतर त्याची मुलगी गैरिका आणि धाकटा भाऊ लोहांग हे दोघेही गादीवर हक्क सांगतात, वरचे वाडे लोहांगाच्या आणि खालचे गैरिकेच्या बाजूने उभे राहतात आणि यादवी सुरू होते, असा साधारण आराखडा आहे.

पहिला भाग आमच्या वाचनमंडळात वाचून दाखवला. भाषा आवडली, परंतु एका ज्येष्ठ वाचकांचा अभिप्राय माझा पिच्छा सोडत नाही. मी मैदानावरचेच युद्ध लिहिले असून त्यावर केवळ छप्पर घातले आहे, असे त्यांचे म्हणणे. सैन्ये समोरासमोर येतात, रणवाद्ये वाजतात, वेढा पडतो आणि उठतो. यातले काहीही डोंगराबाहेर घडले असते तरी कथेत फरक पडला नसता.

म्हणून येथील जाणकारांना विचारतो. जमिनीखाली हजारो लोक राहत असतील, तर त्यांच्यातील यादवी नेमकी कशावरून पेटेल आणि ती कशी लढली जाईल? त्यांचे अन्न, हवा आणि पाणी यांचा विचार लेखकाने किती करावा? कुऱ्हाडी पेललेल्या दाढीवाल्या लोहारांचा जो ठरलेला साचा उत्तर युरोपच्या कथांवरून सगळीकडे पसरला आहे तो मला नको आहे, परंतु त्याच्या जागी काय ठेवावे हेही अद्याप उमगलेले नाही.

खाणपट्टा, डिचोली

आपल्या ज्येष्ठ वाचकांचे म्हणणे मला पटते. लढायांची वर्णने नंतर सुधारता येतील. त्याआधी तळकोट श्वास कसा घेते आणि पाणी बाहेर कसे टाकते, हे आपण ठरवले पाहिजे. ते ठरले की यादवीचा अर्धा आराखडा आपोआप तयार होईल.

मी खाणव्यवसायात नोकरी केली आहे. आपल्याकडील डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील लोहखनिजाच्या खाणी उघड्या असतात, म्हणजे डोंगर वरून पायऱ्यापायऱ्यांनी कापत खाली जातात, त्यामुळे आपल्या कथेला त्यांचा थेट उपयोग नाही. तरीही एक गोष्ट तेथे रोज डोळ्यांसमोर असते : भूजलाच्या पातळीखाली गेलेली खाण पंप चालू आहेत तोवरच खाण असते. २०१२ साली गोव्यातील खाणी थांबल्या तेव्हा उपसाही थांबला आणि पुढील पावसाळ्यांत कित्येक खड्ड्यांची तळी झाली. तळकोटाचेही तेच होईल. ज्या वाड्यांची पातळी बाहेरच्या दरीपेक्षा उंच आहे, त्यांचे पाणी उताराचा चर खोदून दरीत सोडता येते आणि त्याला कोणाचेही श्रम लागत नाहीत. दरीच्या पातळीखाली असलेल्या वाड्यांचे पाणी मात्र वर चढवावेच लागते. स्पेनमधील रिओ तिंतो येथील रोमन काळातील खाणीत माणसांनी पायांनी फिरवायची लाकडी चाके एकावर एक अशा टप्प्यांनी बसवलेली सापडली आहेत, आणि त्यांनी पाणी सुमारे पंचवीस मीटर वर चढत असे. आपले पहिले तीन वाडे दरीच्या वर आणि उरलेले चार खाली आहेत असे धरा. मग खालच्या चारही वाड्यांचे पाणी टप्प्याटप्प्याने तिसऱ्या वाड्यापर्यंत येऊन तेथील चरातून बाहेर पडेल. तिसऱ्या वाड्याने चराची झडप पाडली तर तळाचा धगवाडा प्रथम बुडेल. तलवारीला हातही न लावता.

आता हवा. खोल खाणीला दोन उभ्या विहिरी लागतात. एकीतून ताजी हवा खाली येते आणि दुसरीतून वापरलेली वर जाते. यंत्रांचे पंखे येण्यापूर्वी कोळशाच्या खाणींत दुसऱ्या विहिरीच्या तळाशी मोठी भट्टी पेटती ठेवत, म्हणजे तापलेली हवा वर चढे आणि तिच्या ओढीने ताजी हवा पहिल्या विहिरीतून आत खेचली जाई. ती हवा जवळच्या वाटेने परस्पर निघून जाऊ नये, तिने प्रत्येक बोगद्यातून फिरून जावे, यासाठी वाटेवर लाकडी दारे असत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमध्ये या दारांपाशी पाच-सहा वर्षांची मुले दिवसभर अंधारात बसवलेली असत. गाडी आली की दार उघडायचे आणि लगेच लावायचे, एवढेच त्यांचे काम. १८४२ च्या कायद्याने दहा वर्षांखालील मुलांना जमिनीखाली कामास लावण्यास बंदी झाली. ज्याच्या चुकीने संपूर्ण खाण गुदमरू शकते ते काम सर्वांत स्वस्त मजुराला दिलेले होते, ही गोष्ट कादंबरीकाराने सोडू नये असे मला वाटते.

या दोन व्यवस्था एकत्र ठेवून पाहा. धान्य उजेडवाड्याच्या हातात आहे. हवा खेचणारी भट्टी तळाशीच असावी लागते, म्हणून ती धगवाड्याच्या हातात आहे. पाण्याचा चर आणि हवेची बहुतेक दारे मधल्या वाड्यांत आहेत. धगवाड्याने भट्टी विझवली तर उजेडवाड्याचे फारसे बिघडत नाही, कारण त्याला महाद्वार जवळ आहे. गुदमरतात ते मधले वाडे. उजेडवाड्याच्या सांगण्यावरून धगवाडा बुडवला तर भट्टी बुडते आणि पुन्हा मधलेच वाडे गुदमरतात. आपल्या आराखड्यात वर आणि खाली असे दोनच तट आहेत. मला तिसरा वाडा कोणाचा, हाच प्रश्न कादंबरीचा कणा वाटतो.

विषारी वायूंविषयी थोडे सांगतो, कारण बुटक्यांच्या बाबतीत ते विशेष महत्त्वाचे आहेत. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने छताशी साठतो आणि हवेतील त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असताना ठिणगी पडली की स्फोट होतो. कार्बन डायऑक्साइड जड असल्याने जमिनीलगत साठतो, म्हणजे उंच माणसाच्या आधी बुटक्यांना, आणि बुटक्यांच्याही आधी त्यांच्या मुलांना व जमिनीवर पडलेल्या जखमींना गाठतो. हवेतील प्राणवायू साधारण १६-१७ टक्क्यांपर्यंत उतरला की दिवा विझतो, तरी माणूस त्यानंतरही काही काळ तग धरतो. त्यामुळे विझणारा दिवा हा मृत्यूचा नव्हे तर मागे फिरण्याचा इशारा असतो. स्फोटानंतर उरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही आणि वासही नाही, आणि खाणींच्या अपघातांत पुष्कळदा ज्वाळेपेक्षा त्यानेच अधिक माणसे मारली आहेत. त्यामुळे आपल्या युद्धात आग हे शस्त्र कोणीही सहजासहजी उचलणार नाही. आग लावणाऱ्यालाही तीच हवा घ्यायची असते.

अन्नाबाबत एकच सूचना करतो. अशा कथांतील बुटके अळंब्यांवर जगतात, आणि प्रत्येक वेळी मला विचारावेसे वाटते की अळंबी कशावर जगतात? ती स्वतः अन्न तयार करीत नाहीत. त्यांना कुजणारे लाकूड, शेण किंवा पाचोळा लागतो आणि तो सूर्यप्रकाशातूनच येतो. रुमेनियात १९८६ साली सापडलेल्या मोविले गुहेत सूर्यप्रकाशाविना, गंधकयुक्त वायूवर जगणाऱ्या जिवाणूंच्या आधाराने उभी राहिलेली जीवसृष्टी आहे, हे खरे. परंतु तेथे राहतात ते कोळी, गोमा आणि जळवांसारखे लहान जीव. सात वाड्यांची प्रजा त्यावर पोसली जाणार नाही. तळकोटाला बाहेरचे जंगल लागणारच.

वारणाकाठ, मडगाव

खाणपट्टा यांचा प्रतिसाद अतिशय मोलाचा आहे, परंतु त्यातून एक गैरसमज होण्याची भीती वाटते. यादवी झडपेवरून किंवा भट्टीवरून पेटत नाही. खरा धनी कोण याविषयी लोकांच्या मनात दोन उत्तरे तयार होतात, आणि दोन्ही उत्तरांना प्रामाणिक माणसे मिळतात, तेव्हा ती पेटते. झडप आणि भट्टी तिचा शेवट ठरवतील.

मी इतिहास शिकवतो, त्यामुळे उदाहरणासाठी मला उत्तर युरोपात जावे लागत नाही. १७०० साली छत्रपती राजाराम वारल्यावर ताराबाईंनी आपल्या मुलाला गादीवर बसवून औरंगजेबाशी सात वर्षे झुंज दिली. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला आणि आझमशहाने शाहूंची सुटका केली. त्यामागे मराठ्यांत दुफळी माजावी हा हिशेब होता. आता दोन्ही बाजू पाहा. शाहू हे संभाजीराजांचे पुत्र, म्हणून थोरल्या शाखेचे वारस. ताराबाईंचे म्हणणे असे की संभाजीराजांचे राज्य त्यांच्याबरोबरच गेले, आज जे आहे ते राजारामांनी आणि आम्ही राखलेले आहे. शिवाय, आलेला शाहू खरा नसून तोतया आहे, असेही सांगितले गेले. त्याच वर्षी खेडजवळ लढाई झाली तेव्हा ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले आणि निकाल रणांगणावर ठरण्यापूर्वीच ठरला. पुढे धनाजींचे पुत्र चंद्रसेन शाहूंना सोडून ताराबाईंकडे आणि तेथून निजामाकडे गेले. कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या बाजूचे होते. बाळाजी विश्वनाथांनी त्यांना बोलणी करून शाहूंकडे आणले. आणि १७१४ साली पन्हाळ्यावर ताराबाईंना कैद करून त्यांच्या सवतीच्या मुलाला गादीवर बसवले गेले, ते त्यांच्याच तटातील लोकांनी. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची सरहद्द ठरली, म्हणजे यादवी कोणीही पूर्णपणे जिंकली नाही.

या हकीकतीत कादंबरीकाराने घेण्यासारखे पुष्कळ आहे. सरदार विचारांवरून बाजू बदलत नाहीत. त्यांची वतने कोणाच्या मुलखात आहेत, सनद कोण देणार, मुलाचे लग्न कोठे ठरले आहे, हे पाहून बदलतात, आणि बदलल्यावर त्यासाठी तत्त्वाचा आधार शोधतात. मला सर्वांत विलक्षण वाटते ते पुढचेच. १७०७ मध्ये शाहूंना तोतया ठरवणाऱ्या ताराबाईंनीच शाहूंच्या अखेरच्या काळात रामराजा हा आपला नातू असल्याचे सांगून त्याला साताऱ्याच्या गादीचा वारस म्हणून पुढे आणले, आणि तो त्यांच्या ऐकण्यात राहीना तेव्हा तो आपला नातू नव्हेच असे जाहीर केले. एवढा मोठा झोका कादंबरीत घातला तर संपादक तो काढून टाकायला सांगतील.

तिसऱ्या वाड्याचा प्रमुख हा आपला धनाजी होऊ शकतो. मात्र त्याला लोभी करू नये. त्याने पूर्वी राजाची मनापासून सेवा केलेली असावी, आणि दोन्ही वारसांना अंगाखांद्यावर खेळवलेले असावे.

हक्काचा प्रश्न आपल्याच मातीतून उभा करावयाचा असेल तर गावकारीचा विचार करावा. गाव ज्यांनी प्रथम वसवला त्यांचे पुरुषवंशज ते गावकार. गावच्या जमिनीचा कारभार त्यांचा, उत्पन्नातून खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचा, म्हणजे झोणीचा, वाटा त्यांचा. आणि नंतर येऊन स्थायिक झालेल्या, त्याच शेतांत पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या लोकांचा त्या कारभारात आवाज नाही. पोर्तुगिजांनी १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, हे रिवाज लेखी केले, त्याच्या फार पूर्वीपासून ते चालत आलेले होते. तळकोटात ज्या कुळांनी पहिला वाडा खोदला त्यांच्या पुरुषवंशजांनाच राजा निवडण्याचा अधिकार आहे असे माना. ही सगळी कुळे आता उजेडवाड्यात सुखाने राहत असतील आणि त्यांच्यापैकी कोणी शतकभर छिन्नी हातात धरलेली नसेल. उलट धगवाड्यातील लोक म्हणतील की डोंगर आजही आम्ही खोदत आहोत, मग ‘प्रथम खोदणारे’ कोण? अशा वेळी गैरिकेचा हक्क नाकारला जातो तो ती अपात्र आहे म्हणून नव्हे. पुरुषवंशजांच्या नियमात मुलीला जागाच नाही म्हणून. आणि त्या नियमाचा जाच ज्यांना आधीपासून होत आहे ते सगळे तिच्यामागे उभे राहतात, जरी त्यांपैकी पुष्कळांना गैरिकेविषयी काडीचे प्रेम नसले तरी.

अक्षरवेल, म्हापसा

मी केवळ वाचक आहे, त्यामुळे थोडक्यात लिहिते. वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून मला काळजी वाटू लागली की कादंबरीच्या पहिल्या पन्नास पानांत चर, झडपा, विहिरी, कुळे आणि वंशावळी यांचेच वर्णन येईल. असे झाले तर मी पुस्तक मिटून ठेवीन. ही सगळी माहिती लेखकाला असावी आणि वाचकाला ती त्रास झाल्यावर कळावी. एखाद्या रात्री घरातला दिवा नेहमीपेक्षा मंद जळतो आणि आजी काही न बोलता मुलांना उचलून उंच माचावर झोपवते, एवढ्यावरून मला पुरेसे समजते.

साच्याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. उत्तरेकडील जुन्या पुराणकथांत चार बुटके आकाशाचे चार कोपरे पेलून धरतात; ती कल्पना मला कुऱ्हाडी-दाढीपेक्षा कितीतरी मोठी वाटते, आणि ती साच्यात कोठेच उतरलेली नाही. आपल्या पुराणांत अतलापासून पाताळापर्यंत सात लोक आहेत, आणि आपले वाडेही सातच आहेत. विष्णुपुराणात पाताळातून परत आलेला नारद ते स्वर्गाहूनही रमणीय असल्याचे सांगतो. कुबेराची संपत्ती राखणारे गुह्यक आहेत. सुतलात बळी राज्य करतो, आणि बलिप्रतिपदेला ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणणारे आपणच आहोत. त्याआधी नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण गोव्यात गावोगावी ज्याला जाळतो तो नरकासुरही भूमीचाच मुलगा. जमिनीखालच्या एका राजाची वाट पाहायची आणि भूमीच्या दुसऱ्या मुलाला जाळायचे, हे दोन्ही एकाच सणात करणाऱ्या लोकांसाठी आपण लिहीत आहात. मग खालच्या वाड्यांतील लोक काळेकुट्ट आणि क्रूर, व वरचे उजळ आणि सुसंस्कृत, अशी वाटणी आपल्याकडून होऊ नये.

आणखी एक. लढाईच्या प्रसंगात डोळ्यांपेक्षा कानांवर आणि नाकावर भर द्यावा. अंधारात ध्वज कोण पाहणार?

पैलथडी, फोंडा

तिघांचेही मनापासून आभार. पहिला भाग मी बाजूला ठेवत आहे आणि कथा तिसऱ्या वाड्यातील एका दारराखणीच्या तोंडून सांगण्याचा विचार करीत आहे. वय बारा-तेरा, हवेचे दार तिच्या ताब्यात, आणि वाड्याचा प्रमुख तिचा आजा.

दोन शंका उरल्या आहेत. पहिली, लोहांगाची माणसे गुप्त बोगदा खोदून धगवाड्यात उतरतात असा प्रसंग मी योजला होता. तो शक्य आहे का? दुसरी, खालचे वाडे बुडवण्याचा प्रसंग किती वेळात घडेल? काही तासांत की काही महिन्यांत? कथेची गती त्यावर अवलंबून आहे.

खाणपट्टा, डिचोली

गुप्त बोगद्याचा प्रसंग आहे तसा ठेवता येणार नाही. सुरुंगाची दारू नसेल तर कठीण खडकात छिन्नी-हातोडीने खोदलेला बोगदा वर्षाला काही मीटरच पुढे सरकतो. खडक आगीने तापवून त्यावर पाणी मारले की तो तडकतो, ही पद्धत प्राचीन आहे आणि तिने काम काहीसे लवकर होते, पण तिला लाकडाचे ढीग लागतात, आणि धुराने सगळ्या डोंगराला बातमी कळते. शिवाय खडकातून आवाज दूरवर जातो. प्राचीन ग्रीक इतिहासात उत्तर आफ्रिकेतील बार्का या नगराची हकीकत आहे : इराणी सैन्य तटाखालून भुयार खणत असताना एका धातुकाराने काशाची ढाल जमिनीवर ठिकठिकाणी टेकवून पाहिली आणि जेथे ती घुमली तेथे नगरवासीयांनी आतून उलट भुयार खणले. जन्मभर खडकाचा आवाज ऐकत आलेल्या बुटक्यांना तर ढालीचीही गरज पडू नये.

शक्य आहे ते असे, की सोडून दिलेले जुने बोगदे कोणाच्या तरी नकाशात आहेत आणि कोणाच्या नाहीत. जुन्या खाणींत हा धोका नेहमीचाच असतो, आणि त्यातच आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तरही आहे. पाणी दोन प्रकारे येते. उपसा थांबला तर ते हळूहळू चढते. दिवस, आठवडे, महिने लागतात, लोक सामान वरच्या पायरीवर नेत राहतात आणि बोलणी चालू राहतात. परंतु पाण्याने भरलेला जुना बोगदा आणि चालू बोगदा यांच्यामधली भिंत फुटली तर काही मिनिटांत सगळे संपते. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला कोळसाखाणीत वरच्या साठलेल्या पाण्याचा अडसर असाच फुटला आणि ३७५ कामगार मृत्युमुखी पडले. त्यामुळे युद्धाची योजना पहिल्या प्रकारच्या पाण्यावर आखली जाईल, आणि तिचा घात दुसऱ्या प्रकारचे पाणी करील. लोहांगाला वाटेल की झडप पाडली तर शत्रूला शरण यायला महिना मिळेल. त्या महिन्यात चढणारे पाणी कोणाच्याही नकाशात नसलेल्या जुन्या बोगद्यात शिरेल, आणि पलीकडची भिंत तिसऱ्या वाड्याकडे जाणाऱ्या जिन्याला लागून असेल.

हातघाईच्या लढाईविषयी आपण विचारले नाही, तरी लिहितो. तुर्कस्तानातील देरिंकुयू हे भूमिगत नगर सुमारे ८५ मीटर खोल आहे. तेथील वाटा बहुधा एका वेळी एकच माणूस वाकून जाईल इतक्या अरुंद आहेत, आणि जात्याच्या तळीसारखे गोल दगड आतून लोटून प्रत्येक मजला स्वतंत्रपणे बंद करता येतो. दगडाच्या मध्यभागी छिद्र असते, त्यातून पलीकडे पाहता येते किंवा भाला खुपसता येतो. अशा वाटेत दहा हजारांच्या सैन्याचा पुढचा माणूस तेवढा लढतो आणि बाकीचे त्याच्या मागे उभे राहून हवा संपवतात. आपल्या दारराखणीला मोठ्या फौजेची भीती कमी आणि शहाण्या सेनापतीची अधिक वाटायला हवी.

शेडीमाती, पेडणे

पाण्याच्या वेळापत्रकाबाबत एक स्थानिक मुद्दा जोडतो. आपल्या डोंगराचा वरचा भाग कसला आहे, हे ठरवून घ्या. कोकणपट्टीत वर जांभा, त्याच्याखाली शेडीसारखी मऊ माती आणि त्याखाली कठीण खडक असा थर पुष्कळ ठिकाणी आढळतो. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी चटकन आत घेतो. मऊ माती ओली झाली की आधाराशिवाय उभी राहत नाही. कोकण रेल्वेचा आमच्याकडचा पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा, पण याच मऊ मातीमुळे तो काही केल्या पुरा होईना आणि संपूर्ण मार्ग सुरू व्हायला १९९८ साल उजाडले. रत्नागिरीजवळचा कारबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा असूनही कठीण खडकात असल्यामुळे मार्गाला इतका खोळंबा त्याने केला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला, आणि जुलै २०२४ मध्ये आत पाणी व चिखल येऊन गाड्या अडकल्या. दोन्ही वेळा महिना पावसाळ्याचाच होता.

याचा अर्थ असा की तळकोटात सर्वांत सुरक्षित समजला जाणारा उजेडवाडा प्रत्यक्षात सर्वांत कच्च्या मातीत खोदलेला असेल, आणि लोहारांचा धगवाडा सर्वांत पक्क्या खडकात. वरच्या वाड्याला लाकडी टेकू सतत बदलावे लागतील, त्या टेकूंना लोखंडी पट्ट्या आणि खिळे लागतील, आणि ते तयार होतील धगवाड्यात. ही देवाणघेवाण यादवीत थांबली की पहिल्या पावसात काय होईल, हे मला वेगळे सांगायला नको.

म्हणून युद्धाची सुरुवात वैशाखात करा. त्या वेळी चरातून पाण्याची जेमतेम धार वाहत असते, भिंती कोरड्या असतात आणि दोन्ही बाजूंच्या सल्लागारांना आपल्याजवळ भरपूर वेळ आहे असे वाटते. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तळकोटाच्या डोंगरावर तसाच पाऊस असेल तर मृग लागल्यावर आठवड्याभरात उजेडवाड्याच्या छतातून गाळ गळू लागेल, आणि सर्वांत खालचा वाडा त्यानंतर काही दिवसांनी तुंबू लागेल. मधल्या त्या काही दिवसांत तिसऱ्या वाड्याच्या आजोबांनी झडपेविषयी काय तो निर्णय घ्यायचा आहे.